बक्षिसाचे माप आणि सवयीचा चिवटपणा

मोठे बक्षीस दिले की सवय पक्की होते, ही गोष्ट इतकी उघड वाटते की तिच्यासाठी कोणी प्रयोगशाळा उभारावी याचेच नवल वाटावे. मुलाने पाढे पाठ केले तर त्याच्या हातावर एक पेढा ठेवावा. दोन ठेवले तर पाढे दुप्पट टिकतील, असा व्यवहार आपण मनातल्या मनात मांडीत असतो. घरांतून, शाळांतून, कचेऱ्यांतून हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी तो उंदरांवर, माकडांवर आणि अखेर माणसांवर ताडून पाहिला, आणि तो जुळेना. तो कुठे जुळला नाही, आणि जुळत नाही हे मान्य करावयास थोरथोर विद्वानांना किती वर्षे लागली, याचा इतिहास आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. या कथेचा नायक पांढरा उंदीर आहे. परंतु तेवढ्यावरून हा वाद उंदरापुरता होता असे कोणी समजू नये. प्राण्याच्या, आणि पर्यायाने माणसाच्या, वर्तनाचा जमाखर्च त्याचे मन वगळून लिहिता येतो की काय, असा तो प्रश्न होता.

सवयीसंबंधी दोन प्रश्न असतात, आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. बक्षीस चालू असताना प्राणी काम किती जोमाने करतो, हा एक. बक्षीस कायमचे बंद झाल्यावर ते काम तो किती काळ करीत राहतो, हा दुसरा. या दुसऱ्याला आम्ही सवयीचा चिवटपणा म्हणू. तो मोजण्याची रीत साधी आहे. उंदराला एका सरळ, अरुंद बोळातून पळावयास शिकवायचे. टोकाशी खाणे ठेवायचे. पळण्याचा सराव झाला की एके दिवशी खाणे ठेवणे बंद करायचे, आणि त्यानंतर तो किती दिवस, किती वेगाने पळतो, आणि केव्हा पळणे सोडून बोळाच्या तोंडाशीच अंग चाटीत बसतो, हे घड्याळ लावून पाहायचे. मास्तर वर्गात असताना मुले कशी बसतात, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. मास्तर वर्गाबाहेर गेले म्हणजे काय होते, हे दुसऱ्याचे.

हिशेबाची पहिली शास्त्रीय मांडणी एडवर्ड थॉर्नडाइक यांची. हे गृहस्थ हार्वर्डला शिकत असताना कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करीत. घरमालकीण पिले ठेवू देईना, तेव्हा विल्यम जेम्स यांनी आपल्या घराचे तळघर त्यांना मोकळे करून दिले. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेट्यांत कोंडले आणि बाहेर मासळीचा तुकडा ठेवला. मांजर ओरबाडते, चावते, अंग घुसळते, आणि या धडपडीत केव्हातरी खिट्टी पडून दार उघडते. पुनःपुन्हा कोंडले की सुटण्याचा वेळ हळूहळू कमी होत जातो. मांजराला खिट्टीचे तत्त्व कळले असते तर वेळ एकदम खाली यावयास हवा होता. तो तसा येत नाही, म्हणून येथे विचार नाही, केवळ सवय आहे, असा निष्कर्ष त्यांनी १८९८ सालच्या प्रबंधात काढला. १९११ साली त्यांनी यालाच परिणामाचा नियम असे रूप दिले. ज्या कृतीमागून समाधान येते ती कृती त्या परिस्थितीशी जखडली जाते. आणि समाधान जितके मोठे तितकी गाठ घट्ट. या शेवटच्या वाक्यात आमचा सगळा विषय आला. थॉर्नडाइक यांनी स्वतः पुढे आपल्या नियमाचा निम्मा भाग मागे घेतला. शिक्षेने गाठ सैल होते, असे जे त्यांनी म्हटले होते ते त्यांचे त्यांनाच पटेना. बक्षिसाच्या अर्ध्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

त्या अर्ध्याला गणिताचे रूप दिले ते येल विद्यापीठाच्या क्लार्क हल यांनी. हल यांचा ओढा मुळात अभियंत्याचा. ऐन तारुण्यात पोलिओने एक पाय अधू झाला म्हणून ते मानसशास्त्राकडे वळले. आकडेमोडीसाठी त्यांनी एक यंत्रही स्वतः बांधले होते. असा मनुष्य वर्तनाचे शास्त्र लिहू लागला तर ते न्यूटनच्या धर्तीवर लिहील, हे ओघानेच आले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात सवयीच्या बळाला एक चिन्ह आहे, भुकेला एक आहे, आणि बक्षिसाचे माप वाढले की सवयीचे बळ कोणत्या मर्यादेपर्यंत वाढते याचेही समीकरण आहे. उंदराला काय वाटले असेल, हा प्रश्न त्यात कोठेही येत नाही. तो येऊ नये हीच तर प्रतिज्ञा होती.

मौज अशी की हा ग्रंथ निघण्यापूर्वी पंधरा वर्षे, १९२८ साली, कॅलिफोर्नियात बर्कली येथे दोन प्रयोग होऊन गेले होते, आणि ते या समीकरणात बसण्यासारखे नव्हते. पहिला एलियट यांचा. त्यांनी उंदरांच्या एका गटाला भुलभुलैयातून वाट काढल्याबद्दल कोंड्याचे ओले मिश्रण दिले. ते उंदरांना फार आवडे. दुसऱ्या गटाला सूर्यफुलाचे बी दिले. कोंडा मिळणारे उंदीर कमी चुकत. दहाव्या दिवशी त्यांच्यापुढेही सूर्यफुलाचे बी ठेवण्यात आले. त्यांच्या चुका वाढल्या, यात आश्चर्य नाही. पण त्या इतक्या वाढल्या की पहिल्यापासून सूर्यफुलाच्या बियांवर समाधान मानणाऱ्या उंदरांपेक्षाही हे वाईट पळू लागले. वाट तीच, बी तेच. फरक एवढाच की एकाला पूर्वी काहीतरी अधिक चांगले मिळालेले होते.

दुसरा प्रयोग टिंकलपॉ यांचा, माकडावरचा, आणि आमच्या मते साऱ्या मानसशास्त्रात इतका बोलका प्रयोग विरळा. माकडाच्या देखत दोन पेल्यांपैकी एकाखाली केळ्याचा तुकडा ठेवायचा, मध्ये पडदा धरायचा, थोड्या वेळाने माकडाला पेला उचलू द्यायचा. माकड नेमका पेला उचलून केळे खाते. एरवी पेल्याखाली लेट्यूसची पाने ठेवली तर तीही ते मुकाट्याने खाते. आता प्रयोगकर्त्याने लबाडी केली: ठेवताना केळे दाखवले आणि पडद्याआड केळ्याच्या जागी पाने सरकवली. माकडाने धावत येऊन पेला उचलला, पानाकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. त्याने पेल्याच्या आत पाहिले, खाली पाहिले, आजूबाजूला शोधले. पानाला शिवले नाही. काही वेळा तर ते प्रेक्षकांकडे तोंड करून रागाने किंचाळले. काल खाल्लेले पान आज अपमानासारखे वाटावे, याला समीकरणाच्या भाषेत काय म्हणावे? बर्कलीचे एडवर्ड टोलमन म्हणत की याला अपेक्षा म्हणावे. प्राणी केवळ हालचाल शिकत नाही, कोठे काय मिळते हेही तो शिकतो. येलच्या लोकांना हा शब्द पचेना. अपेक्षा मान्य केली की मन मागल्या दाराने घरात आले, अशी त्यांना धास्ती होती.

एका माकडाच्या किंचाळण्यावर शास्त्र उभे राहत नाही, आकडे लागतात. ते १९४२ साली प्रिन्स्टनच्या लिओ क्रेस्पी यांनी आणले. त्यांचा बोळ वीस फूट लांबीचा. बक्षीस म्हणजे खाण्याच्या बारीक गोळ्या: कोणाला १, कोणाला ४, कोणाला १६, ६४ किंवा २५६. जितक्या गोळ्या जास्त तितका उंदीर वेगाने पळे. येथवर थॉर्नडाइक सुखात होते. नंतर क्रेस्पींनी सर्वांच्या गोळ्या १६ वर आणल्या. १६ गोळ्यांवर सारखेच पळणारे उंदीर दिसावेत, अशी हिशेबी माणसाची अपेक्षा. झाले ते निराळेच. २५६ वरून १६ वर आलेल्या उंदरांचा वेग कोसळला, आणि १६ गोळ्यांसाठी पळणाऱ्या उंदराच्या नेहमीच्या वेगाच्याही खाली गेला. उलट १ किंवा ४ वरून १६ वर चढलेले त्याच्याही वर गेले. क्रेस्पींनी या दोहोंना खिन्नता आणि उल्हास अशी नावे दिली. उंदराच्या संदर्भात हे शब्द वापरणे त्या काळी धाडसाचेच होते. उल्हासाबद्दल पुढे शंका निघाल्या. मूळचे १६ गोळ्यांचे उंदीर आपल्या वेगाच्या शिखराला पोहोचलेलेच नव्हते, म्हणून बढती मिळालेले पुढे गेल्याचा भास झाला, असे केनेथ स्पेन्स यांनी दाखवून दिले. खिन्नतेला मात्र कोणी धक्का लावू शकले नाही. प्रयोगशाळा बदलल्या, उंदरांची वाणे बदलली, ती पुनःपुन्हा दिसत राहिली.

क्रेस्पींच्या गोष्टीला एक पुस्ती आहे. पुढे ते लोकमताच्या पाहण्यांकडे वळले, आणि १९४७ साली त्यांनी अमेरिकेत हॉटेलातल्या नोकरांना खुशाली देण्याच्या प्रथेवर एक निबंध लिहिला. ज्याने उंदरांच्या गोळ्या मोजल्या त्याला हा विषय सुचावा, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. दिवाळीची पोस्त ज्यांनी दिली किंवा घेतली आहे त्यांना ठाऊक आहे की गेल्या वर्षीच्या रकमेला यंदा काट बसली तर ती पोस्त उरत नाही. नुसती उणीव उरते.

हल यांचा मोठेपणा असा की त्यांनी पुरावा डोळ्याआड केला नाही. बक्षीस बदलताच वेग इतक्या झपाट्याने बदलतो, तर बक्षिसाचे माप सवयीच्या मुळात मुरलेले असणे शक्य नाही. मुरलेले बळ एका-दोन फेऱ्यांत ओसरत नाही. म्हणून १९५२ सालच्या शेवटच्या ग्रंथात त्यांनी बक्षिसाचे माप सवयीच्या खात्यातून काढून प्रलोभनाच्या निराळ्या खात्यात टाकले. त्याच वर्षी ते वारले. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात गेली, असे वरवर दिसेल. पण त्याचा अर्थ फार मोठा होता: मोठे बक्षीस प्राण्याला पळवते, त्याने पळण्याची सवय घट्ट होतेच असे नाही. मग बक्षीस बंद पडल्यावर काय, हा आमचा दुसरा प्रश्न आता कोणाला टाळता येईना.

त्याचे निम्मे उत्तर काहीसे अवचित हाती आले होते. बी. एफ. स्किनर हे आपल्या उंदरांसाठी गोळ्या स्वतः बनवीत, औषधविक्यांच्या गोळ्या पाडण्याच्या साच्यावर. एका शनिवारी दुपारी त्यांच्या ध्यानात आले की आता यंत्राशी बसलो नाही तर सोमवारी सकाळपर्यंत साठा संपेल. त्यांनी यंत्राशी न बसता बक्षीसच आखडते घेतले: कळ दाबली की दर वेळी गोळी द्यायची नाही, मिनिटातून एकदाच द्यायची. उंदीर थांबले नाहीत. आळसातून निघालेल्या शोधांत या शोधाला मानाचे पान मिळावे. १९३९ साली लॉइड हम्फ्रीज यांनी माणसाच्या पापणीवर हीच गोष्ट नीट तपासली. खूण दिसली की डोळ्यावर हवेचा झोत येतो, म्हणून पापणी आधीच मिटते. एकाला खुणेमागून दर वेळी झोत दिला, दुसऱ्याला निम्म्या वेळा. झोत अजिबात बंद केल्यावर निम्म्यावाल्याची पापणी अधिक काळ मिटत राहिली. जे दर वेळी मिळते त्याची सवय लवकर मोडते आणि जे कधी मिळते कधी मिळत नाही त्याची चिवट राहते, हा तो विरोधाभास. लॉटरीच्या दुकानावर उभा राहणारा कोणीही तो पोथीवाचून सांगू शकेल.

उरलेले निम्मे, म्हणजे मापाचे, १९५८ ते १९६१ या चार वर्षांत स्पष्ट झाले. स्ट्यूअर्ट हल्स यांनी १९५८ साली उंदरांचे चार गट केले. दोन गटांना बक्षीस मोठे, सुमारे एक ग्रॅमचे. दोन गटांना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. प्रत्येक जोडीतल्या एका गटाला ते दर फेरीला मिळे, दुसऱ्याला निम्म्याहून थोड्या कमी फेऱ्यांना. मग खाणे बंद. ज्यांना दर फेरीला मिळत होते त्यांच्यात मोठ्या बक्षिसाच्या उंदरांनी पळणे आधी सोडले; लहान बक्षिसाचे टिकून राहिले. पण ज्यांना अधूनमधून मिळत होते त्यांच्यात हे उलटे झाले: तेथे मोठ्या बक्षिसाचे अधिक चिवट ठरले. १९५९ साली आर्मस यांना सततच्या बक्षिसाबाबत पहिलीच गोष्ट आढळली, आणि १९६१ साली येलच्या ॲलन वॅग्नर यांनी हल्स यांच्या निष्कर्षाला बळकटी आणली. थॉर्नडाइक यांची गाठ जितके समाधान मोठे तितकी घट्ट बसायची होती. आता दिसले की नेमाने दिलेले भरघोस बक्षीस तिला सैल ठेवते.

असे का व्हावे? अब्राम ॲम्सेल यांचे उत्तर १९५८ सालचे आणि आम्हांला ते सर्वांत मनास भिडणारे वाटते. मिळेल अशा अपेक्षेने गेलेल्याला मिळाले नाही की केवळ शून्य पदरी पडत नाही, वैफल्य पदरी पडते. आणि वैफल्य ही स्वतःच एक घटना आहे, तिच्यापासून प्राणी दूर पळतो. अपेक्षा जितकी मोठी तितके वैफल्य मोठे. म्हणून रोज पोटभर मिळवणारा उंदीर रिकाम्या ताटाकडे पुन्हा फिरकत नाही. ज्याला अधूनमधून रिकामे ताट दिसतच होते तो मात्र वैफल्य अंगावर घेऊन पळत राहायला शिकलेला असतो, कारण त्या वैफल्यामागून पुष्कळदा खाणे आलेले होते. त्याचे वैफल्यही मोठे होते आणि त्यामागून येणारे खाणेही मोठे होते. म्हणून त्याची चिकाटी सर्वांहून जास्त. ई. जे. कपाल्डी यांनी १९६६ साली हेच भावनेचा आधार न घेता सांगितले. मागच्या खेपेला काही मिळाले नाही ही आठवणच, त्यांच्या मते, पुढच्या खेपेची खूण होऊन बसते. ज्याला ती आठवण कधी आलीच नाही त्याला पहिले रिकामे ताट म्हणजे अनोळखी मुलूख. दोघांपैकी कोण बरोबर यावर बराच शाईखर्च झाला. आमच्या विषयापुरते पाहू गेल्यास, अपेक्षा म्हणा की आठवण म्हणा, पूर्वी काय मिळाले होते ते प्राण्याबरोबर बोळात शिरते, हे दोघांनाही मान्य करावे लागले. टोलमन १९५९ साली वारले. येलच्या गणिताने त्यांचा शब्द स्वीकारलेला त्यांनी पुरतेपणी पाहिला नाही.

हा नियम सर्व प्राण्यांचा आणि सर्व प्रसंगांचा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. एम. ई. बिटरमन यांनी तो सोनेरी माशांवर तपासला. १९६७ सालच्या त्यांच्या प्रयोगात मोठ्या बक्षिसावरून लहान बक्षिसावर आणलेला मासा पूर्वीच्याच उत्साहाने काम करीत राहिला. खिन्नतेचा मागमूसही नाही. बक्षीस बंद केल्यावरही माशात मोठ्या बक्षिसाची सवय अधिक टिके. म्हणजे थॉर्नडाइक यांचा नियम खोटा नव्हता. तो माशाचा नियम होता, आणि तो मांजरांवर बसवला गेला होता. आणखी एक अडचण जॉन नेव्हिन यांनी १९७४ पासून दाखवली. एकाच कबुतराला दोन रंगांच्या दिव्यांखाली दोन मापांनी दाणे मिळत असले, तर अडथळा आणल्यावर भरघोस दाण्यांच्या दिव्याखालची टोचण अधिक टिकते. वेगवेगळ्या गटांत जे दिसते ते एकाच प्राण्याच्या दोन अनुभवांत उलटे दिसते. यातून सर्वमान्य सूत्र निघालेले नाही, आणि ज्याला सूत्र घाईने हवे असेल त्याने उंदरांच्या वाटेला जाऊ नये.

माणसाबद्दल येथेच बोललेले बरे, कारण उंदराकडून माणसाकडे उडी मारण्याची घाई अनेकांना होते. ती उडी तेव्हाच्याच एका मानसशास्त्रज्ञाने जाणूनबुजून मारली, आणि बेताने मारली. लिऑन फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ साली स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना तासभर एक कंटाळवाणे काम करावयास लावले. खुंट्या फिरवणे यासारखे. मग पुढच्या उमेदवाराला “काम मोठे मजेचे आहे” असे सांगण्याबद्दल कोणाला एक डॉलर दिला, कोणाला वीस. नंतर सर्वांना विचारले, काम खरोखर कसे वाटले? वीस डॉलरवाल्यांनी ते कंटाळवाणेच ठरवले. एक डॉलरवाल्यांना ते पुष्कळसे आवडलेले होते. वीस डॉलर हे खोटे बोलण्याचे पुरेसे कारण होते. एक डॉलर पुरेसे नव्हते, म्हणून उरलेले कारण त्यांनी कामातच शोधले. १९६१ साली फेस्टिंजर यांनी अपुऱ्या बक्षिसाचे परिणाम या विषयावर लिहिताना हे विद्यार्थी आणि बोळातले उंदीर शेजारी शेजारी बसवले, आणि पुढच्याच वर्षी डग्लस लॉरेन्स यांच्यासह त्यावर पुस्तक काढले. उंदीरही अपुऱ्या बक्षिसाची भरपाई म्हणून त्या बोळात काही वेगळे गोड शोधून ठेवतो, हे त्यांचे म्हणणे फारसे कोणाला पटले नाही, आम्हांलाही पटत नाही. ॲम्सेल यांचे स्पष्टीकरण एवढ्या सायासाविना पुरे पडते. पण विद्यार्थ्यांच्या प्रयोगाचे मोल त्याने कमी होत नाही. काम संपल्यावर त्याविषयीची ओढ कोठून येते, हा प्रश्न त्याने उघडा केला.

१९६१ साली उंदरांच्या चिकाटीवर काम करणारे वॅग्नर ११ वर्षांनी, १९७२ साली, रॉबर्ट रेस्कोर्ला यांच्यासह एका छोट्या समीकरणाचे धनी झाले. त्यात शिकणे बक्षिसाच्या मापावर अवलंबून नाही. ते मिळालेले आणि अपेक्षिलेले यांच्यातल्या फरकावर अवलंबून आहे. सगळे अपेक्षेप्रमाणे घडले की शिकणे थांबते. अपेक्षेहून कमी मिळाले की उणे शिकणे सुरू होते. हल यांना हवे होते तसे गणित येथे आहे, आणि टोलमन यांची अपेक्षा त्यात एका अक्षराच्या रूपाने बसलेली आहे.

शेवटचा दाखला माकडाचाच. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन स्रवणाऱ्या पेशींचे ठोके टिपले, आणि पीटर डायन व रीड माँटेग्यू यांच्यासह १९९७ साली त्यांचा अर्थ लावला. अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोराने ठोके देतात. खुणेमागून थेंब येतो हे माकड शिकले की त्या खुणेलाच ठोके देतात, थेंब आला तरी स्वस्थ राहतात. आणि खूण देऊन थेंब रोखून धरला, तर जेव्हा तो यावयाचा होता नेमक्या त्या क्षणी त्यांचे नेहमीचे ठोकेही काही काळ थांबतात. बाहेर काहीच घडलेले नसते. खोलीत कोणी आलेले नसते, आवाज झालेला नसतो, पेला कोणी उचललेला नसतो. कागदाच्या पट्टीवर तेवढी एक कोरी जागा दिसते.